सात थरांखालचा गुडघा

९ जानेवारी १८८९

गुडघ्याच्या वर चार बोटं! एकट्या मिलानवालीचा, त्या नव्या मुख्य नर्तकीचा, नाही – मागे नाचणाऱ्या सोळाही जणींच्या घागऱ्याचा काठ. संचालक दुपारी शिवणखोलीत येऊन सांगून गेले. बसलेसुद्धा नाहीत.

"मार्चच्या नव्या नाचात लांब घागरा दिसता कामा नये, बाई. लोक हसतात."

कोण हसतं? वीस वर्षांत कोणी हसलं नाही.

आईच्या काळी काठ घोट्यावर असे. माझ्या हाताखाली तो पोटरीवर आला. तेव्हा आई म्हणाली होती, लाज विकलीस. आता मी तिच्याच खुर्चीत बसून पुटपुटते. पण मला लाजेचं काही नाही. मला झेलीचा गुडघा झाकायचा आहे.

१० जानेवारी

झोप नाही. लिहून काढते.

झेली दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. छत्तीस वर्षांची. सांगते एकतीस. दोन वर्षांपूर्वी वनाच्या प्रवेशात, खाली टेकलेल्या गुडघ्यावरून उठताना पडली. तेव्हापासून प्रत्येक खेळानंतर उजवा गुडघा पावासारखा फुगतो. खेळाआधी मी लोकरी पट्टी बांधते. तिच्यावर मोजे. मोज्यांवर खळ दिलेल्या मलमलीचे सात थर. कोणाला काही दिसत नाही.

वर्षाअखेर तिची वीस वर्षं पुरी होतात. मग निवृत्तिवेतन. त्याआधी पट्टी दिसली, की दाराबाहेर. अकरा महिने!

आणि हे सगळं गास्पारमुळे. पडदा उघडण्याआधी तो झारीनं रंगमंचावर पाणी शिंपडतो – धूळ बसावी, पाय घसरू नये म्हणून. त्या दिवशी ओतलंच असणार. झेलीच म्हणाली, "पाणी होतं गं ताई. पाय सटकला." तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघते.

१४ जानेवारी

मिलानवाली मापाला आली. एर्सिलिया. पाय लोहारासारखे. मी जमिनीपासून काठी लावली – आमच्याकडे माप जमिनीपासूनच घेतात, म्हणजे सोळाजणींचा काठ एका रेषेत येतो. तिनं काठी बाजूला सारली. "कमरेपासून मोजा, बाई. मी काय पडदा आहे?"

मग खुंटीवरचा जुना घागरा उलटा करून थर मोजायला लागली. आठव्यावर थांबली. "हा खाली का लोंबतो? कोणाचं काम?"

"माझं," मी म्हटलं. दोन वर्षांपूर्वीची माझी कल्पना ती. सातांच्या आत आठवा, दोन बोटं जास्त लांब. चालताना फेसासारखा दिसे. वर्तमानपत्रातही आलं होतं. पुढच्या हंगामात कापड महागलं आणि बंद केला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि छातीवर क्रूसाची खूण केली. उद्धट!

१५ जानेवारी

पोरी नव्या घागऱ्याला टुटू म्हणतात. तान्ह्या मुलाच्या ढुंगणाला म्हणतात तसं. नाव बरोबर आहे.

२ फेब्रुवारी

सोळाही कापले. हुकूम आहे. पण खळ पातळ केली – अगदी पाण्यासारखी. दिव्यांच्या उष्णतेत मलमल आपोआप खाली येईल. कापड थंडीनं बसलं म्हणेन. थंडीला कोण जाब विचारतं?

९ फेब्रुवारी

जाब मलाच विचारला.

पोरी तालमीला उतरल्या, आणि पंधरा मिनिटांत सोळाही काठ भिजलेल्या कोंबडीच्या पिसांसारखे लोंबले. एर्सिलिया सरळ वर आली. खळीच्या भांड्यात बोट बुडवलं, चाखलं. "ही खळ नाही. हे सूप आहे! मीठ राहिलंय तेवढं."

खोलीभर हशा. माझ्याच बायका!

संचालक हसले नाहीत. शनिवारपर्यंत घागरे उभे राहिले पाहिजेत, नाहीतर काम बाहेर देतो म्हणाले.

१३ फेब्रुवारी

संचालकांकडे स्वतः गेले. म्हटलं, मागची रांग लांबच राहू द्या. दुसऱ्या रांगेत कोण बघतं?

"पुढे आजचा दिवस आणि मागे तुमच्या आईचा? नको, बाई. आणि आता वीज आहे. दुसरी रांगही दिसते."

तेच तर!

१६ फेब्रुवारी

घट्ट खळ. उभे आहेत. ताटल्यांसारखे.

२० फेब्रुवारी

झेली आली. मी पट्टी पातळ करून बघत होते, मोज्यांच्या रंगात रंगवून. तीनदा रंगवली. तीनदा डाग दिसला.

"सोड ना, ताई. मी पट्टी बांधणारच नाही."

"पडशील."

"नाही पडणार. माझे मला पाय दिसतायत आता."

"पाय दिसून काय करायचंय? गुडघा दिसतोय, त्याचं काय? दहा महिने राहिलेत, झेली! दोन वर्षं मी कोणासाठी मरतेय?"

ती माझ्या टेबलावरच्या टाचण्या एका रेषेत लावत बसली. मग म्हणाली, "तू फार केलंस गं. आता पुरे."

पुरे! मी पट्टी तिच्या अंगावर फेकली. तिनं ती घडी करून ठेवली आणि गेली.

२७ फेब्रुवारी

आखूड घागऱ्यात पूर्ण तालीम. झेली उघड्या गुडघ्यानं. मी विंगेत उभी – नखं दातात.

नव्या नाचातही गुडघा टेकून उठायचंच आहे. ती टेकली. उठली. एका झटक्यात, काठी वर यावी तशी सरळ. संचालकांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. सूज दिसत होती, मला इथून दिसत होती. मग ते शेजारच्या अठरा वर्षांच्या मुलीला म्हणाले, "हिच्यासारखी उठ."

मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. मग मी एवढी भांडले कशासाठी?

झेली उतरली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत जिना चढली.

१ मार्च

जुने घागरे उसवायला घेतले. मलमल वाया घालवायची नाही. झेलीचा, वनाच्या प्रवेशातला, सगळ्यात खाली होता.

आठव्या थराला, काठाशी, भोक. बुटाच्या टोकाएवढं. भोवती पिवळी राळ, त्या पोरी बुटांना घासतात ती. रफू केलेलं. वेडेवाकडे टाके, करड्या दोऱ्यानं. शिवणखोलीत करडा दोरा नाही. झेली मोजे त्यानं शिवते. आणि मला म्हणाली, पाणी होतं.

२ मार्च

गास्पार जिन्यात भेटला. मी थांबले. म्हटलं, "नमस्कार, गास्पार."

त्यानं झारी पाठीमागे नेली.

"आज कमीच शिंपडलंय, बाई."