आळीपाळीचा बिछाना

प्रिय बाबा,

खरं तर तुला अहो-जाहो करायला हवं. पण वयाने आता तू माझा मुलगा शोभशील, म्हणून राहू दे.

निवृत्तीनंतर घर खायला उठायचं, तेव्हापासून युद्धात बुडालेल्या पाणबुड्यांची कागदपत्रं चाळत बसते. तुझी पाणबुडी कुठे बुडाली, ते अजून सापडत नाही. मात्र त्याआधी तिने समुद्रातून वाचवलेला एक वैमानिक सापडला. काल त्याच्या घरी गेले. फोटोतला तू गप्पच असतोस. तू बोलायचास कसा, एवढंच विचारायचं होतं.

"आमची गाठच पडली नाही हो," म्हातारा ओशाळला. "माणसं जास्त, बिछाने कमी. तुमचे वडील कामावर गेले की त्यांच्या जागी मी झोपायचो. ते यायच्या आत कुणीतरी मला उठवायचं. पण मी कुडकुडत आडवा व्हायचो ना, तेव्हा बिछाना गरम असायचा. त्या उबेवर जगलो बघा."

तो चहा टाकायला आत गेला, तशी मी पटकन उठून त्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

गरम होती रे.

तू न पाहिलेली,
तुझी लेक