झाडात लपलेली बाई

प्रिय दुर्बीण,

तुझे डोळे कसे आहेत? माझे अजून शाबूत आहेत, पण दिवसभर घराबाहेर पडता येत नसल्याने त्यांना काही कामच नाही. म्हणून काल कपाटातून आपल्या मासिकाचे जुने अंक काढून बसले. 'चित्रात दडलंय कोण?' या पानासाठी मी किती झाडं काढली असतील गं? आधी लपवायचा प्राणी काढायचा आणि मग त्याच्या पाठीला, कानाला धरून फांद्या वाढवत न्यायच्या, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. सगळ्यांना वाटायचं, झाड आधी. चित्र झालं की ते तुझ्या टेबलावर, तपासायला आलेली मुद्रितं बाजूला सारून तू बघायचीस. तुला लगेच सापडलं तर मी मुकाट्याने कागद फाडायची आणि तू समोर बसून खुशाल चहा प्यायचीस. भारी राग यायचा तुझा.

ते माकडांचं चित्र आठवतं? घाईघाईत एक माकड काढायलाच मी विसरले, तुझ्याही नजरेतून ते सुटलं, आणि मुलांची पत्रं आली ती सगळी माकडं सापडल्याची. एकीला तर एक जास्तच सापडलं होतं. संपादकांनी डोक्याला हात लावला आणि आपण दोघी पोट धरून हसलो. तसली चित्रं आता मोबाइलवर येतात. सूनबाई दाखवते कधीतरी. खाली लाल गोल करून उत्तरही दिलेलं असतं. मग शोधायचं काय, कपाळ?

मुलगा जपतो मला. मध्यंतरी दूध आणायला गेले आणि परतताना शेजारच्या इमारतीत शिरून दुसऱ्यांच्या दाराला किल्ली लावत बसले. तेव्हापासून तो कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जातो. सून त्याच्याही आधी निघते. जेवण झाकलेलं, औषधं काढून ठेवलेली, दुपारी आठवणीने फोन. त्याचं चुकतंय म्हणावं तर तसंही म्हणता येत नाही, हीच खरी गोची. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की मी उठून केस नीट करते, आणि मग माझी मलाच लाज वाटते. इस्त्रीचे कपडे मी खिडकीतून दोरीने खाली सोडते. हे पत्र त्यातूनच जाईल, पेटीत टाकायचं इस्त्रीवाल्याने कबूल केलंय.

मागच्या रविवारी तू आलीस तेव्हा दार सताड उघडं होतं, सगळे घरात, हसणं-खिदळणं. मी मजेत आहे असा निकाल देऊन तू निघून गेलीस. आयुष्यभर पानावरचा एक अनुस्वार न सोडणारी तू, आणि तुला मी दिसले नाही. मी गप्प बसून वाट बघत होते, तुझं तुलाच कळेल म्हणून. वेडेपणाच तो.

म्हणून आता सरळच सांगते. माझा जीव घुसमटतो इथे. बुधवारी सकाळी, मुलगा निघायच्या आत ये. त्याच्याशी भांडू नकोस, तो वाईट नाही. मला दिवसभर घेऊन जातेस आणि परत आणून सोडतेस, एवढंच त्याला सांग. मी सांगितलं तर तो माझी समजूत घालेल, आणि मी ऐकेन. कुठे जायचं ते तू ठरव. फक्त निघताना दार मला ओढून घेऊ दे.

तुझीच,
तुझ्या तावडीतून कधी न सुटलेली
चित्रकारीण