तीन नंबरचं दार

सोमवार, ४ मार्च

विकले गेलो! अख्खा कारखाना, यंत्रांसकट, माणसांसकट. नवे मालक म्हणजे तीच मोठी कंपनी — मिनिटाला एक गाडी बाहेर काढणारी. आम्ही दिवसाला अकरा काढतो. साहेब म्हणाले, "नाव तेच राहणार, बॉनेटवरचा बिल्ला तोच राहणार." राहील हो बिल्ला! बिल्ला मी घरच्या फ्रिजवरही लावीन, म्हणून फ्रिज काय आमची गाडी होणार आहे?

घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "पगार तेवढाच ना? मग झालं तर." ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

बुधवार, ६ मार्च

नव्या मालकांकडून एक इंजिनिअर बाई आल्यात. पोरसवदा, हातात टॅब. दिवसभर आमच्या दार विभागात उभ्या होत्या. दार चढवलं की आम्ही ते अर्धवट उघडं ठेवून तासभर तसंच लटकू देतो. स्वतःच्या वजनानं काय ते खाली बसतं. मग बिजागरी पुन्हा आवळायची, दोन बोटांनी दार लोटायचं आणि आवाज ऐकायचा. ही बाबांनी बसवलेली पद्धत. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

बाई म्हणाल्या, "हा एक तास कशासाठी? आमच्याकडे यंत्र नव्वद सेकंदांत दार बसवतं."

म्हटलं, "बसवत असेल. ऐकतं का?"

त्यांनी तेही लिहून घेतलं. हसल्या मात्र नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च

जूनपासून यंत्र येणार. आम्ही आठजण गोदामात, खोकी मोजायला. मग त्या गाडीत आमचं असं उरलं काय? डोकंच फिरलं माझं. सगळ्यांसमोर बोलून बसले — "डोळे बांधा आमचे! चार गाड्या उभ्या करा. एक आमची, तीन तुमच्या. नुसत्या दाराच्या आवाजावरून आमची गाडी ओळखली नाही, तर खुशाल आणा तुमचं यंत्र, मी स्वतः त्याला रोज तेल घालीन."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मंगळवारी चालेल?"

ह्या जिभेला हाड नाही माझ्या. हो म्हणून आले!

रविवार, १० मार्च

नवरा म्हणाला, जगाच्या गाड्यांची दारं लावतेस, आपल्या कपाटाचं दार वर्षभर करकरतंय. आज केलं नीट. मंगळवारची तालीम म्हणून दहादा लोटून ऐकलं.

मंगळवार, १२ मार्च

नाक कापलं गेलं. दुसरा शब्द नाही.

मोठ्या शेडमध्ये चार गाड्या, आम्ही आठजण पाठ करून उभे, डोळ्यांवर पट्ट्या. वॉचमन एकेक दार लावत गेला. एक नंबर — ठीक. दोन नंबर — पत्र्याचा डबा. तीन नंबर लागलं आणि माझ्या अंगावर काटा आला. बाबाच उभे आहेत शेजारी असं वाटलं! चार नंबर मी नीट ऐकलंसुद्धा नाही. ओरडलेच, "तीन! तीन नंबर आमची!" आणखी चौघांनीही तीनच सांगितलं.

पट्टी सोडली. तीन नंबर त्यांची. आमची एक नंबरला.

बुधवार, १३ मार्च

रजा टाकली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

गुरुवार, १४ मार्च

कॅन्टीनमध्ये बाई समोर येऊन बसल्या. म्हटलं, आता मीठ चोळणार. तर म्हणाल्या, "काल मी त्या तीन नंबरच्या गाडीची माहिती काढली. आमच्याकडे एक सुपरवायझर आहेत. जेवणाच्या सुट्टीआधी यंत्रानं लावलेली दारं त्या सुट्टीचा तासभर अर्धी उघडी ठेवायला लावतात. आल्यावर हातानं आवळतात. हे आमच्या कुठल्याही नियमात नाही. का करता म्हणून फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, वडिलांनी सांगितलंय."

हातातला घास ताटात ठेवला.

धाकटी. नऊ वर्षांपूर्वी ती त्या कंपनीत गेली, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "बाबांचा हात विकलास तू." तेव्हापासून अबोला. बाबा गेले त्या दिवशीही आम्ही एकाच खोलीत दोन कोपऱ्यांत बसलो होतो.

आणि आता खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे! एक नंबरचं दार मी स्वतः बसवलं होतं. ते तासभर लटकलंच नव्हतं. दोन वर्षं झाली, आम्ही तो तास चाळीस मिनिटांवर आणलाय. कुणी मालकानं सांगितलं नव्हतं. आमचे आम्हीच — बस पकडायची म्हणून, उरकायचं म्हणून. ती परक्या कारखान्यात बाबांचा तास सांभाळून बसली, आणि मी बिल्ल्याखाली उभी राहून छाती पुढे काढत होते. लाज वाटली.

शनिवार, १६ मार्च

फोन केला. तीनदा नंबर लावून कट केला, चौथ्यांदा तिनेच उचलून म्हटलं, "ताई, बोल की आता."

म्हटलं, "तुझं दार मी आपलं म्हणून ओळखलं."

मग फिसकन हसली — "म्हणजे नापास झालीस!" हसता हसता दोघी रडायला लागलो. नवरा घाबरून पाणी घेऊन आला.

सोमवार, १८ मार्च

बाईंना चाळीस मिनिटांचं सांगून टाकलं. सहकारी माझ्यावर भडकलेत — "गप्प बसायला काय झालं होतं तुला!" आता गोदाम पक्कं म्हणतात. बाईंनी टॅब बाजूला ठेवला होता, एवढंच मी पाहिलं. पण आज जेवण गोड लागलं. आणि आजपासून आमची दारं पुन्हा पूर्ण तासभर लटकतायत.

शुक्रवार, २९ मार्च

काही कळलेलं नाही. बाई वरिष्ठांकडे गेल्यात. आजच्या सहाव्या गाडीचं दार लोटलं आणि आवाज आला — तोच! आठहीजण थांबलो. मग एकेकजण येऊन लोटून गेला.

मंगळवार, २ एप्रिल

नोटीस लागली. बाईंनी वर दोन्ही दारं ऐकवली म्हणे, तासाचं आणि चाळीस मिनिटांचं. यंत्र फक्त दार चढवणार. लटकवणं, आवळणं, ऐकणं आमच्याच हाती — आणि त्यांच्या बाकीच्या तीन कारखान्यांतही आता असंच. शिकवायला आम्ही आठजण आळीपाळीनं जायचं. विभागप्रमुख म्हणून धाकटी इथे येतेय. माझी साहेब! पहिला हुकूम फोनवरच सुटला — "ताई, तास म्हणजे साठ मिनिटं!"