सात नंबरची पोकळ थप्पी

पुन्हा तेच, बाबा. परवा फोनवर तेच, काल तेच. "कर सही अन् ये घरी. कंपनीसंग भांडून कोणाचं भलं झालं?" मी म्हटलं, कंपनीच्या त्या कागदावर लिहिलं आहे की मोजणीत लबाडी हरीओमनं केली. तुम्ही म्हणाले, "लिहू दे. कागदानं पोट दुखते काय तुयं?" दुखते, बाबा. म्हणून त्या कागदावर सही न करता हा कागद लिहितो.

लिहून ठेवणार हरीओम जगदेव काळबांडे, वय चोवीस, आठवी नापास, गाव मानोरा तालुक्यातलं, हल्ली मुक्काम गांधीधाम, तेलाच्या कंपनीच्या गोदामामागची खोली. डोकं जाग्यावर आहे. प्यालेलो नाही. कोणी धाक घालून लिहवून घेत नाही. उलट कंपनीवाले गप राहायचे पन्नास हजार देऊन राहिले. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं.

आता लिहायचं कारण. कारंजाच्या बाजारात हमाली करताना तुम्ही मला शिकवलं की ओलं सोयाबीन आलं तर पोत्यांच्या थप्पीच्या मधात विहिरीसारखी जागा सोडायची, हवा खेळते, माल तापत नाही. इथं पहिल्या पावसाळ्यात ओला माल आला, मी तशीच थप्पी लावली. वीस पोती लांब, दहा रुंद, पंधरा थर. गोदामाचा इनचार्ज हेमसिंग बाहेरून मोजून म्हणाला, तीन हजार. मी म्हटलं, साहेब, तळचा थर सोडून मधात पोकळ आहे, तीनशे छत्तीस कमी धरा. तो माझ्याकडं पाहतच राहिला. मग हसला. "अरे हरीओम, तू तो कलाकार है!"

चूक माझी एवढीच, की मला ती शाबासकी वाटली.

पुढच्या खेपेला म्हणे विहीर मोठी कर. मग सगळ्याच थप्प्यांत कर. मग वरून फळ्या टाक, त्यावर एक थर. अकरा थप्प्या आहेत आज, बाहेरून भरल्या, आतून भकास, कागदावर पूर्ण. मोजणीच्या कागदावर दोन खाने असतात, मोजणारा आणि तपासणारा. दोन्हीकडं माझीच सही. तीन वर्षांत एकानंही विचारलं नाही की मोजणारा आणि तपासणारा एकच माणूस कसा? गोदामाची चावी हेमसिंगकडं, रजिस्टर त्याच्याकडं, कॉम्प्युटरचा पासवर्डही त्याच्याकडं. हिशेब तपासणारे पोरं पांढरे बूट घालून यायचे, बाहेरून लांबी-रुंदी मोजायचे, चहा प्यायचे, फोटो काढायचे, जायचे. आणि मुंबईचा मोठा साहेब दरसाल छापील पुस्तकात लिहायचा की आमच्याकडं सगळं तपासलेलं आहे. त्या पुस्तकावर भरोसा ठेवून लोक कंपनीचे शेअर घेतात. आता माल कमी भरला, बोभाटा झाला, तर दोषी कोण? आठवी नापास हमाल. हेमसिंग म्हणतो, "थप्पी तेरी, साइन तेरा. मेरा क्या?"

उद्या सोमवारी योगिनी मॅडम येणार, नवीन तपासणीवाल्या. मी सात नंबरच्या थप्पीवर चढणार, फळ्या काढणार, दोर धरून आत उतरणार आणि आतून हाक देणार. मॅडमनं वरून पाहावं, मग मोजावं. सात नंबर दोन महिन्यांपासून एका अंगाला झुकली आहे. कोसळली तर पुढीलप्रमाणे करावं.

एक. पोती ओढायचा लोखंडी हूक बाबांचा आहे, बाबांना परत. तो माझ्या हातात देताना तुम्ही म्हणाले होते, "जगदेवची थप्पी आजलोक पडली नाई, ध्यानात ठेव." उद्या पडली तर मुद्दाम उघडायला गेलो म्हणून पडली, हे बाजारात सांगा. तेवढं तरी सांगा.

दोन. वांग्याच्या वाडीत माझ्या हिश्शाला जे येईल ते बहीण निकिताचं. "पोरीले कायले जमीन?" असं काका म्हणतील. म्हणू द्या. खत टाकते ती, पाणी देते ती, मानोऱ्याच्या बाजारात टोपली घेऊन बसते ती. काका फक्त बांध मोजतात.

तीन. मोबाइल निकितालाच. त्यात अकराही थप्प्यांचे आतले फोटो आहेत. मॅडमशिवाय कोणाला देऊ नये, मग तो कितीही गोड बोलो.

चार. माझी बॅटरी मुंबईच्या मोठ्या साहेबाला पोस्टानं पाठवावी. त्याला आतलं कधी दिसलं नाही. सेल नवे टाकले आहेत.

हेमसिंगला काही नाही. खोलीतली खाटही नाही, ती किशनची. किशन माझ्यासोबत पोती उचलतो, मागच्या साली एका पोकळ थप्पीतून ढासळलेल्या पोत्यानं त्याचा पाय मोडला आणि हेमसिंगनं लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. माझ्या बाबतीत तसा कागद आला तर बाबा, तुम्ही अंगठा लावायचा नाही. लाखभर दिले तरी नाही. ही माझी शेवटची अट आहे आणि यावर भांडण नको.

पाच. दिवाळीला मी वीस हजार पाठवले होते. तुम्ही पारावर सांगत फिरले, "पोरगं कमावून राह्यलं!" ते हेमसिंगनं दिले होते, कशाचे ते आता कळलं असेल. शाबासकीसारखेच तेही घेतले मी. तेवढे जमवून काल कंपनीच्या खिडकीत भरले, पावती याला जोडली आहे. त्यामुळं या खेपेला कमी येतील. रागवा, पण हे माझ्या पाठीवरच्या पोत्यांचे आहेत.

ठिकाण गांधीधाम. दिनांक ११ मे २०२५, रविवार.
सही: हरीओम जगदेव काळबांडे. एकाच खान्यात.
साक्षीदार: १) किशन, वाचून घेऊन. २) बबलू, गोदामासमोरचा चहावाला, ऐकून घेऊन.

सोबत मनीऑर्डरनं: रुपये एक हजार तीनशे चाळीस.