बयनामायचा फ्लेक्स

प्रिय अमर,

तुला पत्र लिहायची माझी ही दुसरी वेळ. पहिलं सातवीत लिहिलं होतं, ‘मित्रास पत्र’ म्हणून. तू ते माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलंस आणि खाली सहीसुद्धा माझीच ठोकलीस. पुढं वर्षभर पोरं तुला ‘दीक्षाबाई’ म्हणून चिडवत होती. आता त्याच शाळेत मी खरोखरची दीक्षाबाई झाले आहे आणि तू माझा फोन उचलत नाहीस. अकरा वेळा लावला, मोजले मी. शेवटी कागद घेतला. गावी आलेला कुलदीप शुक्रवारच्या गाडीनं तुमच्या हैदराबादला परत निघालाय, त्याच्या हाती देते. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून झाल्यावर.

आधी तुला ऐकायचं आहे ते सांगते. तुझी माय बरी आहे. गुडघे तेवढे बोलतात, जिना नाही म्हणून बरं. सध्या दोन वेळा जेवते. शेजारच्या बाया शेतात सरकी टोबायला जातात तेव्हा ही त्यांच्या लेकरांना ओसरीवर धरून बसते आणि संध्याकाळी प्रत्येकीचं पोर किती रडलं त्याचा हिशेब देते. माझ्या शाळेत यंदा पहिलीला सहा पोरं आली. तेलंगणात मराठी शाळा अशी किती दिवस तग धरेल कोण जाणे. तुझ्या घराचा पत्रा हर्षदीपनं मार्चमध्ये बसवून दिला. हो, त्याच हर्षदीपनं, ज्याच्यावर तू आता सगळ्यात जास्त चिडलेला आहेस. त्याच्यावर चिडू नकोस. चूक माझी आहे, आणि ती कशी झाली हे तुला दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

आपल्याकडचा मुठीचा डबा तुला आठवत असेल. स्वयंपाकाला तांदूळ घेतले की आधी एक मूठ त्या डब्यात, आणि पौर्णिमेला डबा विहारात रिकामा करायचा. गावात ज्याच्या घरी अडचण असेल त्याच्याकडे ते धान्य जायचं. लहानपणी आपण डबे डोक्यावर घेऊन पळायचो, तुझा दर वेळी सांडायचा. चैत्र पौर्णिमेला मायला चालवत नव्हतं, म्हणून तिचा डबा न्यायला मी गेले. डबा काठोकाठ भरलेला होता. म्हटलं, वा, म्हातारीचं बरं चाललंय. पाणी प्यायला आत गेले तर चूल थंड. मडकी उघडून पाहिली, नाही म्हटलं तरी मास्तरणीची सवय, तपासल्याशिवाय राहवत नाही. पिठाच्या डब्यात तळाला थोडं पीठ, मिठाची बरणी, आणि दुसरं काही नाही. अमर, त्या घरात खायचे तांदूळ होते ते फक्त त्या मुठीच्या डब्यात. मी म्हटलं, माय, हे शिजवून खा ना. तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी करायला सांगितली. म्हणाली, “थे देल्लं हाये पोरी. देल्ल्यातलं कसं खाऊ?”

मग एकेक कळत गेलं. तिची पेन्शन थांबली होती. कापूस वेचून वेचून बोटांवरच्या रेघा गेल्या, मशिनीवर अंगठा उमटत नाही. रेशनचंही तेच. मी तिला घेऊन दोनदा मंडलाच्या तहसील ऑफिसला गेले, दोन्ही वेळा पुढच्या महिन्यात या म्हणाले. आणि गावाला ती काय सांगत होती ठाऊक आहे? “माहा अमर पाठवते न दर महिन्याले.” सगळ्यांना हेच. मलाही हेच. म्हणून कोणी तिच्या दारात डोकावलं नाही.

तू पाठवत नव्हतास. याबद्दल तुला बोलायचं असं मी ठरवलं होतं, अगदी खडसावून. पण तुझी कंपनी दिवाळीतच बंद पडली हे मला कुलदीपनं परवा सांगितलं, आणि ते खडसावणं मी सोडून दिलं. आई तुझ्यापासून लपवते, तू आईपासून लपवतोस, आणि मधे मी. आपण तिघंही किती शहाणे!

तर मी ठरवलं की मायला धान्य पोचवायचं. पण ती मदत म्हणून एक दाणा घेणार नाही हेही मला ठाऊक होतं. मुठीचं धान्य तिच्या दाराशी ठेवलं असतं, तर तिनं ते परत विहारात आणून दिलं असतं. मग मी डोकं चालवलं, आणि इथंच सगळं बिघडलं. तिला सांगितलं की बुद्धपौर्णिमेला विहारात सत्कार ठेवलाय, ज्या बाईनं सगळ्यात जास्त वर्षं मूठ टाकली तिचा. ती बोटं मोजत बसली. तू पोटात होतास तेव्हापासून एकही दिवस चुकवला नाही म्हणाली. मी म्हटलं, मग तूच की! लाजली रे. तोंडाला पदर लावून हसली.

आणि तिकडं ‘आपला विहार’ ग्रुपवर मी वेगळंच लिहिलं. मुठीच्या धान्यात वर्ष निघणार नाही, थोडे पैसे लागतील, म्हणून पुण्या-हैदराबादला गेलेल्या आपल्या लोकांसाठी लिहिलं, ‘गावातील एका निराधार वृद्ध मातेस अन्नधान्यासाठी मदत करावी.’ नाव घातलं नाही. तिची लाज राखायची म्हणून. निराधार हा शब्द मी लिहिला, अमर, तू असताना. त्याची मला फार शरम वाटते.

तासाभरात पैसे यायला लागले. आणि त्यात तुझे पाचशे आले. खाली तू लिहिलं होतंस, ‘जयभीम. माझ्याकडून थोडेसे.’ ते पाहून मी मोबाईल पालथा ठेवला. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. सांगायला हवं होतं की वेड्या, ही तुझीच आई आहे. नाही केला. आधी वाटलं, तुला काय वाटेल. मग वाटलं, उद्या करू. आणि खरं सांगते, तेव्हा मला तुझा रागही आला होता. अनोळखी म्हातारीला पाठवायला आहेत आणि आईला नाहीत! आता कळतं. आईला पाचशे पाठवायची तुला लाज वाटत असेल. एवढे कमी कसे पाठवू, तिला काय सांगू. परक्या माणसाला थोडं दिलं तर ते दान होतं, घरच्याला थोडं दिलं की कमी पडतं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

बुद्धपौर्णिमेला माय पांढरं लुगडं नेसून, केस चोपून बसवून आली. शाल दिली, तांदळाचं पोतं, डाळ, तेल. पोतं एकट्या हर्षदीपला उचलेना तर हिनंही वाकून एक टोक धरलं. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. फोटो इतका छान आलाय की काय सांगू. दोघांचे हात पोत्याला, दोघंही हसताहेत. कोण देतंय आणि कोण घेतंय, फोटोवरून काही कळत नाही.

हर्षदीपला सत्काराचं मी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं शाल वगैरे आपली रीत म्हणून. तो पडला कारकून, त्याला सगळं कागदावर नीट लागतं. देणाऱ्यांची नावं लागली नाहीत तर पुढच्या वेळी कोणी देणार नाही, हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटंही नाही. तो आदिलाबादला गेला आणि चांगला दहा फुटी फ्लेक्स छापून आणला. वर तेलुगू, खाली मराठी. मधे मायचा फोटो. त्याखाली, ‘निराधार वृद्ध महिला श्रीमती बयनाबाई यांना अन्नधान्याची मदत’. आणि त्याखाली बारीक अक्षरात त्रेचाळीस नावं. एकोणिसावं तुझं. फ्लेक्स बांधला बसथांब्याजवळ, अमृतरावच्या दुकानासमोर, आणि फोटो ग्रुपवर टाकला. तू फक्त एक ओळ लिहिलीस, ‘ही माझी आई आहे’, आणि ग्रुप सोडलास. त्यानंतर ग्रुपवर कोणी काहीच लिहिलेलं नाही. साधा नमस्कारसुद्धा नाही.

पण पुढचं तुला ठाऊक नाही. मायला वाचता येत नाही. तिनं आजवर फ्लेक्सवर पाहिली ती पुढाऱ्यांची, नाहीतर देणगीदारांची तोंडं. घेणाऱ्याचं तोंड फ्लेक्सवर असतं हे तिला माहीतच नाही. तिला वाटतं, तिच्या सत्काराचाच फ्लेक्स लागला! रोज सकाळी काठी टेकत जाते, समोर उभी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. पहिल्या दिवशी मला हात धरून घेऊन गेली आणि म्हणाली, वाच. मी काय करणार? वाचलं, ‘तीस वर्षांहून अधिक काळ मूठ देणाऱ्या श्रीमती बयनाबाई यांचा सत्कार’. म्हणाली, अजून वाच, खाली लय लिहिलं हाये. मग त्या सगळ्या मजकुरातलं खरं वाचता येईल असं एकच काही मला सापडलं. तुझं नाव. तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. ती तीन अक्षरं आता ती ओळखते. रोज बोट फिरवून पाहते. लेकाचं नाव माझ्या फोटोखाली हाये म्हणून सांगते सगळ्यांना. ऐकणारे मान हलवतात आणि दुसरीकडे बघतात.

हर्षदीपला सगळं सांगितल्यावर तो बिचारा रडकुंडीला आला. दुसऱ्याच दिवशी शिडी घेऊन फ्लेक्स उतरवायला गेला, तर माय तिथंच बसलेली. “काऊन रे बाप्पा, माहा फोटू काऊन काढून राह्यला? मी का मेली?” तो तसाच शिडी घेऊन परत आला. ठेवावा तर सारा गाव वाचतो, काढावा तर तिचं काळीज तुटतं. आता तू म्हणशील की मी खरं सांगावं. मी दोनदा तिच्या ओसरीवर जाऊन बसले, दोनदा चहा पिऊन परत आले.

गावाला मी काही शिकवलं नव्हतं, अमर. तरी कोणी तिला खरं वाचून दाखवलं नाही. अमृतराव, जो उधारीवर माचिससुद्धा देत नाही, त्यानं गल्ल्यावरून उठून येऊन वाचलं, ‘दानशूर बयनाबाई, गावाची शान’. मंचेरियलहून आलेल्या एका पाहुण्यानं तेलुगूत काहीतरी लांबलचक वाचून तिच्या पाया पडून घेतलं. माझ्या चौथीच्या पोरींना तिनं पकडलं तर त्यातली एक म्हणाली, आजी, तुमी लय छान दिसून राह्यल्या असं लिहिलंय. मला तिथंच रडू कोसळलं. पण माय काही भोळी नाही. चार जणांचं ऐकून तिला शंका आली. काल मला म्हणाली, “येक येक जन येक येक वाचते. येकाच पाटीवर इतकं कसं मावलं वो पोरी?” मी म्हटलं, अक्षर बारीक आहे.

आणि मग जे म्हणाली, त्यासाठी हे पत्र. म्हणाली, “आता मी अमरलेच वाचाले लावीन. थो माह्याशी खोटं नाही वाचनार.” येत्या रविवारी सकाळी दहा वाजता अमृतरावच्या मोबाईलवरून तुला व्हिडिओ कॉल येईल. मी नेटवर्क नाही म्हणाले, तुझा नंबर बंद आहे म्हणाले, काही चाललं नाही. तिनं गल्लीतल्या बायांनाही बोलावून ठेवलंय. ती मोबाईल फ्लेक्ससमोर धरेल आणि तुला वाचायला सांगेल. तो फोन उचल, अमर. माझे अकरा नाही उचललेस तरी चालेल, तो एक उचल. तू काय वाचावंस ते या कागदावर मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा खोडलं. तुला ते सांगायचा हक्क मला राहिलेला नाही. खरं वाचलंस तरी तुझी आई आहे, खोटं वाचलंस तरी तुझीच आहे. मी तिच्या शेजारी उभी असेन. तू जे वाचशील, तेच तिथं लिहिलंय असं मीही म्हणेन.

अजूनही तुझीच,
दीक्षा