सर्व्हरची दहा मिनिटं

७ जुलै, सोमवार
ऑफिसात आल्या आल्या बोंब – साठच्या साठ कॉम्प्युटरवर २०१५ साल! सर्व्हरमधली बटणाएवढी बॅटरी संपली होती, आणि बाकीची मशीनं वेळ घेतात त्याच्याकडूनच. नवी घातली, वेळ हातानं लावली. तासाभरात सगळे कामाला.

८ जुलै
घरी येताना बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. लिहायला जीव नाही.

१० जुलै, गुरुवार
महानंदाक्का माझ्या टेबलाशी आल्या. निपाणीच्या, इथे कंत्राटावर विम्याचे क्लेम भरतात. तीन दिवस ओळीनं लेट मार्क. हजेरी लॉगिनच्या वेळेवरून लागते ना. "साडेनवाच्या आत येतोय की मी! बस पंचवीसला सोडत्या." मी म्हटलं, "अक्का, तुमचं घड्याळ मागे असेल." परत जाऊन क्लेम भरायला बसल्या. मला रागच आला होता – माझ्या कामावर संशय?

१५ जुलै, मंगळवार
अक्कांचा सहावा लेट मार्क. कंत्राटी माणसाला सहा म्हणजे घरी. एचआरचे श्रीवत्स सर म्हणाले, पत्र गुरुवारी.

वर ऑफिसात फोन नेऊ देत नाहीत. जेवायला खाली गेले तेव्हा सिक्युरिटीकडून घेतला. फोनवर एक दहा, माझ्या मनगटावर एक वीस. आमच्या घरची सगळी घड्याळं, हेसुद्धा, दहा मिनिटं पुढे – तेवढीच घाई होते म्हणते आई. मनातल्या मनात दहा वजा करायची इतकी सवय, की करतेय हेही कळत नाही. आणि त्या सोमवारी गडबडीत मनगटावर बघून वेळ लावली, वजा करायचंच राहिलं!

वर जाऊन सर्व्हरची वेळ बरोबर केली. कुणाला बोलले नाही. पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. भित्री आहे मी, दुसरं काय.

१६ जुलै
झोप नाही. सकाळीच श्रीवत्स सरांकडे गेले. चूक माझी, अक्कांची नाही, लेखी देते म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "लिखके मत दो. मैं देखता हूँ." अक्कांना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. म्हणाल्या, "सांगितलासा न्हवं, सरी." त्यांचं कानडी 'सरी', म्हणजे ठीक आहे. किती हलकं वाटलं!

१७ जुलै, गुरुवार
अक्कांना पत्र मिळालं. मला श्रीवत्स सरांचा तोंडी निरोप – सर्व्हरचं घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे घे, महिनाअखेरपर्यंत अजून चौदा जण कमी करायचेत.
घेतलं.