जिन्याच्या चौदा फटी

२ नोव्हेंबर, रविवार
आज इतोहा येणार होती. आली नाही. मुलीचा, चिहायाचा, फोन आला. म्हणाली, बाबा, ती आता चढायला लागलीये, तुमच्या जिन्याच्या फटींतून तिचं डोकं सहज आरपार जाईल, फटी बुजवल्याशिवाय मी तिला आणणार नाही. मग सव्वा वर्षाच्या माझ्या नातीला घेऊन गेली कुठे? मुनाकाताकडे. म्हणजे माझ्या व्याह्याकडे.
हा जिना वीस वर्षांपूर्वी मी निवडला. पायऱ्यांच्या मध्ये उभ्या फळ्या नाहीत, उजेड आरपार येतो. पाहुणे थांबून बघायचे. मुनाकाताच्या घरचा जिना म्हणजे बंद कपाट.
निश्चय: पंधरा दिवसांत जिना सुरक्षित. स्वतःच्या हाताने. पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला चौदा फटी म्हणजे काहीच नाही.

३ नोव्हेंबर, सुट्टी
चिहायाने नऊ फोटो पाठवले. सातांत मुनाकाता. एकात इतोहा त्याच्या पोटावर झोपलेली. एवढं पोट असल्यावर कोणीही झोपेल.
एक फोटो मोठा करून पाहिला. त्याच्या जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक आहे. किंचित तिरकं. बरं वाटलं. फुमिएला दाखवलं. ती म्हणाली, अहो, फोटोच तिरका काढलाय.
बायकोने व्याह्याची बाजू किती घ्यावी यालाही मर्यादा असते.

८ नोव्हेंबर
सगळ्या जिन्याला आतून जाळी बांधली. पाच तास. फुमिए खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, आता फक्त मासळी वाळत घालायची राहिली.
जाळी काढली. केवळ तिच्यासाठी. मला आवडली होती.

१२ नोव्हेंबर
नवी योजना, जाळीपेक्षा शंभर पटीने सरस. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या. फटी बंद, उजेड चालू. मुनाकाताला हे सुचणार नाही. जन्मभर बस चालवली त्याने.
खालची फट मोजली आणि दुकानातून तशा चौदा पट्ट्या कापून आणल्या. दुकानातला माणूस विचारत होता, सगळ्या फटी मोजल्यात ना. मी त्याला समजावलं की एका जिन्याच्या सगळ्या फटी सारख्याच असतात. तो हो म्हणाला, पण त्याला पटल्यासारखं दिसलं नाही.

१३ नोव्हेंबर
तीन बसल्या. सहा ढिल्या. पाच आत जाईनात.
घर बांधणाऱ्याची चूक. माझं माप अचूक आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बसतील तेवढ्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवल्या. जेवण होईपर्यंत निम्म्या खाली. एक उचलायला गेलो, तर दुसरीवर पाय पडला.
घोटा सुजून लिंबाएवढा. डॉक्टरने विचारलं, कसं झालं. सुरक्षेचं काम करताना, असं सांगितलं.
फुमिएने चिहायाला कळवलं, चिहायाने नवऱ्याला, नवऱ्याने बापाला. तासाभरात मुनाकाताचा फोन. येऊ का म्हणाला. मी म्हणालो, मुळीच तसदी घेऊ नका, जवळजवळ झालंच आहे. फुमिएने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, उद्या सकाळीच या.

१६ नोव्हेंबर, रविवार
आला. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात स्वतःच्या झाडाची पर्सिमॉनची फळं. फुमिएने तीनदा वास घेतला.
त्याने चौदाच्या चौदा फटी वेगवेगळ्या मोजल्या. मी खुर्चीत बसून देखरेख केली. मध्येच थांबून म्हणाला, इतका देखणा जिना झाकायचा जिवावर येतंय हो. यात टोमणा कुठे होता ते अजून सापडलेलं नाही. शोधतोय.
प्रत्येक फटीत त्याने मापाची फळी बसवली आणि वर चार बोटं जागा सोडली. मूल जाणार नाही, उजेड येईल. मी नेमकं हेच सुचवणार होतो.
चार वाजता काम संपलं. एकूण, माझ्या देखरेखीखाली वेळेत पूर्ण.

२३ नोव्हेंबर, रविवार
इतोहा आली. सोबत मुनाकाताही.
मी आधीच ठरवलं होतं. ती यायच्या आत, दुखरा पाय घेऊन, एकेक पायरी करत वर जाऊन बसलो. हातात तिची आवडती तांदळाची बिस्किटं. मुनाकाता तिच्या मागे, मी पुढे. पोहोचणार तर माझ्याकडेच.
नऊ पायऱ्या चढली. मग थांबून माझ्याकडे नीट पाहिलं. वळली, पोटावर आडवी झाली आणि पाय खाली सोडत सोडत मुनाकाताकडे परत गेली. असं उतरायला त्यानेच शिकवलंय म्हणे. सगळ्यांनी कौतुक केलं. मग सगळे जेवायला गेले.
तेव्हा लक्षात आलं की या पायाने चढता येतं, उतरता येत नाही. हाक मारली नाही. दोन बिस्किटं खाल्ली.
दहा मिनिटांनी मुनाकाता एकटाच आला. हळू आवाजात म्हणाला, उलटे या, पोटावर, मी खाली आहे.
आलो. चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरीला तो माझा पाय धरून नीट ठेवत होता. खाली पोहोचलो तर इतोहा समोर बसलेली. तिने टाळ्या वाजवल्या.
चिहाया म्हणाली, आजवर तिने कुणासाठीही टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मुनाकातासाठीही नाही का, विचारलं. नाही म्हणाली. परत विचारून खात्री करून घेतली.
मुनाकाताचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. चष्मा वरच राहिला होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.